तिसऱ्या भागातली बाई

शून्य तसं बारकंसंच होतं, सदऱ्याच्या बटणाएवढं, पण ते पडद्यावर उमटलं आणि तिच्या हातातला तारखेचा शिक्का तसाच हवेत राहिला. पुस्तक परत करायला आलेला माणूस समोर ताटकळत होता, शिक्का काही खाली येईना, आणि वाचनालयाच्या त्या कोपऱ्यात, जिथे सहा महिन्यांपूर्वीपर्यंत मासिकांची मांडणी होती आणि आता नवंकोरं यंत्र बसवलं होतं, तिथे संगणकवाली मुलगी म्हणत होती, "काका, पुन्हा एकदा म्हणा. जरा सावकाश."

"सावकाशच म्हणालो की. याला कान आहेत ना, का नुसतेच दात?" काकांनी यंत्राच्या पाठीवर टिचकी मारली. मग घसा साफ करून, वर्गात कविता म्हणायला उभ्या केलेल्या पोरासारखे ताठ होऊन, त्यांनी ते वाक्य पुन्हा म्हटलं. "बरं वाटायला लागलं ना, की माणसाला पहिल्यांदा घरातली धूळ दिसते." पडद्यावर एक वर्तुळ गरगरलं, थांबलं. जुळणी : ०.

"असं कसं?" ग्रंथपाल साहेबांचा आवाज एक पायरी वर चढला. "चार हजार पुस्तकं घातलीत ना यात? सहा महिने पान न् पान घातलंय. शनिवारी समिती बसणार, काका वाक्य म्हणणार, यंत्र पुस्तक हुडकणार आणि त्याच पानापासून धडाधड वाचायला लागणार, असं ठरलंय आपलं. मी पत्रिका छापून मोकळा झालोय!"

"सर, दुसरं एखादं वाक्य घेऊ या."

"दुसरं का म्हणून?" काका म्हणाले. "वाक्य आहे. फाटकवाल्याची कादंबरी, तिसरा भाग, फाटकवाल्याची बायको म्हणते. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलीत मी, पोरी. डोळे गेले, पण हातून वाक्य निसटलेलं नाही कधी. हवं तर तिला विचार, तिनेच तर वाचून दाखवलंय. काय गं मुली?"

हे 'काय गं मुली' तिला होतं. पंचेचाळिशीच्या बाईला मुलगी म्हणणारं जगात आता हे एकच माणूस उरलं होतं. तिने शिक्का हाणला. तारीख उलटी उमटली. "हो काका," ती म्हणाली, आणि तो 'हो' तोंडातून बाहेर पडताना गरम चहाच्या घोटासारखा जीभ पोळून गेला.

कारण वाक्य तिचं होतं. लेखकाचं नव्हतं, कादंबरीतलं नव्हतं, कुठल्याच आवृत्तीत कुठल्याच पानावर नव्हतं. ते तिने स्वतःच्या स्वयंपाकघरात, कुकरची तिसरी शिट्टी होईपर्यंतच्या वेळात, दोनशे पानी वहीत लिहिलं होतं. सात वर्षांपूर्वी. दर मंगळवारी आणि गुरुवारी चार ते पाच हा काकांचा तास. तिला काही त्याचे जादा पैसे नव्हते, कुणी सांगितलंही नव्हतं. डोळे गेल्यावर काका नुसते येऊन पुस्तकांच्या वासात बसायचे, एक दिवस तिने समोरचं वर्तमानपत्र सहज मोठ्याने वाचलं, आणि त्याची अकरा वर्षं झाली. फाटकवाल्याच्या कादंबरीचे दोन भाग त्यांनी सव्वा वर्षात संपवले होते. रेल्वेच्या एका आडवाटेच्या फाटकावर चौतीस वर्षं काढणारा माणूस आणि त्याची बडबडी, भांडकुदळ, गाडीच्या आवाजाच्या वर आवाज काढून बोलणारी बायको. काका त्या बायकोवर खूश. "आमच्या हिची बहीण शोभते," म्हणायचे. आणि तिसऱ्या भागाच्या मध्यावर त्यांची 'ही' गेली. फुप्फुसं. अकरा दिवस दवाखाना. ती गेल्यानंतर बाराव्या दिवशी मंगळवार होता, आणि कोणाला वाटलंही नव्हतं, तर बरोबर चारला काका सुनेचा हात धरून दारात. "वाच," म्हणाले, "घरात बसवत नाही." तिने खूण काढून पुस्तक उघडलं. प्रकरण नववं. तिने आदल्या दिवशी चाळून ठेवलं नव्हतं, ही तिची पहिली चूक. डोळे ओठांच्या चार ओळी पुढे धावतात, वाचणाऱ्याला ते सवयीचं असतं, आणि त्या चार ओळी पुढे फाटकवाल्याच्या बायकोला धाप लागली होती, खाट खिडकीशी ओढली होती, डॉक्टर छत्री विसरून गेला होता. तिने वर पाहिलं. काकांच्या सदऱ्याचं वरचं बटण खालच्या काजात गेलं होतं, म्हणजे ते लावून देणारं माणूस आता नव्हतं. आणि तिच्या तोंडून, देवाशपथ ठरवून नाही, निघून गेलं, "पण चौथ्या दिवशी तिची धाप बसली."

बसली! काय सोपं होतं ते. एक वाक्य, आणि मेलेली बाई खाटेवर उठून बसली, केस बांधायला लागली. पण एक बाई जिवंत ठेवायची म्हणजे खायचं काम आहे का? पुढची एकशे चाळीस पानं लेखकाने तिच्याशिवाय लिहिलेली. फाटकवाला एकटा जेवतो, एकटा भांडतो, एकटा गाडी मोजतो. त्या प्रत्येक ठिकाणी आता बायको हवी, तिने काहीतरी बोलायला हवं. मग ती संध्याकाळी घरी लिहायची आणि वही पुस्तकात ठेवून वाचायची. काकांचे कान तिखट, वहीचा कागद आणि जुन्या पुस्तकाचा कागद वेगळा वाजतो हे त्यांना कळलं असतं, म्हणून वही अजिबात न हलवता ती पुस्तकाची पानं वरून वरून उलटायची. भीती वाटायची. पण नुसती भीती वाटायची असं म्हणणं म्हणजे दुसरी लबाडी. मजा यायची! भाजी घेताना, रांगेत उभं असताना फाटकवाल्याची बायको तिच्या कानात बोलायला लागायची, ती मधेच हसायची, आणि भाजीवाली म्हणायची, "काय ताई, लॉटरी लागली का?" काका गुडघ्यावर थाप मारून म्हणायचे, "लेखक रंगात आलाय बघ आता. आधीच्या भागांत जरा कोरडा होता." त्या एका वाक्यासाठी तिने आयुष्यातला कुठलाही पुरस्कार ओवाळून टाकला असता. आणि ते धुळीचं वाक्य तर काकांनी घरीदारी चालू केलं. सून केर काढायला लागली की म्हणायचे, मोतीबिंदू काढून आलेल्या शेजाऱ्याला म्हणायचे, डॉक्टरला म्हणायचे. सुनेने एकदा दारात तिला सांगितलं, "ताई, त्या बाईला सांगा, एकदा येऊन आमची धूळ पुसून जा म्हणावं."

आता सहा महिने काढून यंत्राने चार हजार पुस्तकं गिळली होती. त्या यंत्राशी तिचं वैर नव्हतं, हेही खरं. गळ्यात सदान् कदा वायरी गुंडाळून हिंडणाऱ्या त्या संगणकवालीला सगळे 'वायर'च म्हणायचे, आणि पहिल्या दिवशी वायरने काकांच्या कानांवर हेडफोन चढवले तेव्हा काकांचा चेहरा असा उजळला की तिला बघवलं नाही आणि नजरही काढवली नाही. यंत्र वाचायचं बावळटासारखं. पानाचा आकडा वाक्यात घुसवायचं. "त्याने तिचा हात धरला एकशे बारा आणि म्हणाला." काका खो खो हसायचे. तपासनीसाला चुका सापडल्याचा आनंद काय वर्णावा! पण हसता हसता म्हणाले होते, "आता मनात आलं की वाचता येईल गं. सकाळी दहाला. उभ्या उभ्या. कोणाची वाट बघायला नको." ते कोणी म्हणजे कोण, हे त्यांच्या लक्षातही आलं नसावं. तिच्या आलं. आणि आज पहिल्याच चाचणीला चार हजार पुस्तकांतून त्यांनी मागितलं काय, तर तिचं वाक्य. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, इथे तर भर चार वाजताचं ऊन पडलं होतं.

"मी तिसरा भाग पुन्हा तपासते," वायर म्हणत होती, "दोन पानं चिकटून गेली असतील. तसं मला आठवतंय काका, मी घालताना मधलं थोडं वाचलं होतं, पण त्यात ती फाटकवाल्याची बायको तर—"

"वायर!" ती ओरडली. वाचनालयात. जिथे 'शांतता राखा' ही पाटी तिनेच दरवर्षी रंगवून घेतली होती तिथे. सगळ्या माना वळल्या. "इकडे ये जरा. हा... हा शिक्का अडकलाय." काकांची मान तेवढी वळली नाही. ती किंचित तिरकी झाली, छापलेल्या ओळीत काहीतरी खटकल्यावर व्हायची तशी.

संध्याकाळी घरी ती बेसिनशी उभी राहून एकच पातेलं घासत राहिली. मुलगी म्हणाली, "आई, त्याला भोक पडेल." तिने नळ बंद केला. ती स्वतः नऊ वर्षांची होती, तेव्हाची गोष्ट. बाबा दूर कामाला, महिन्याला एक पत्र, आणि आईला अक्षर येत नव्हतं. पत्र वाचणं हे तिचं काम. पायरीवर बसून, पोस्टमन वळायच्या आत. काय तोरा असायचा! गल्लीतली मोठी माणसं तिला विचारायची, काय म्हणतायत बाबा? आणि एका पत्रात बाबांनी लिहिलं होतं, यंदा येणं जमणार नाही. आईचा चेहरा इतका जवळ होता, श्वास गालाला लागत होता, आणि तिने ती ओळ गाळली. बस, गाळली. पुढची वाचली, तब्येतीला जपा. आईने खोली पांढरी करून घेतली. बाबांच्या जुन्या बुटांना पॉलिश केलं. रोज एकेक तयारी होत होती आणि नऊ वर्षांच्या पोटात रोज एकेक दगड पडत होता. मग कधीतरी शेजारच्या शिवणवाल्या मावशीने ते पत्र वाचलं. आईने मारलं असतं तर बरं झालं असतं. आई काही बोललीच नाही. नुसतं पुढचं पत्र आलं तेव्हा ते घेऊन ती मावशीकडे गेली, आणि त्याच्या पुढचंही. ही बाहेर उभी. आतून मशीन थांबल्याचा आवाज यायचा, मग मावशीचा सपाट, एकेक शब्द ठोकणारा आवाज. बरोब्बर त्या यंत्रासारखा. शेवटपर्यंत आईने तिच्याकडून पुन्हा एक ओळ वाचून घेतली नाही, औषधाच्या बाटलीवरचीसुद्धा. म्हणजे शिक्षेचं नाव तिला माहीत होतं. काका रागावतील, आरडाओरडा करतील, हे तिला चाललं असतं. ते हेडफोन घालतील. एवढंच करतील. आणि मंगळवार-गुरुवारचे चार वाजत राहतील.

गुरुवारी तीन वाजता वायरने तिला यंत्रापाशी बोलावलं. डोळे तारवटलेले. "ताई, बसा. मी अख्खा तिसरा भाग पानागणिक पडताळला. एकही पान सुटलेलं नाही. ती बाई नवव्या प्रकरणात मरते. मेलेलं माणूस धुळीबद्दल कसं बोलेल? काका दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाचं बोलतायत."

"ते नाही दुसऱ्याचं बोलत," ती म्हणाली, आणि मग सगळं सांगून टाकलं. आश्चर्य म्हणजे अवघ्या पाच-सहा वाक्यांत ते संपलं. सात वर्षं, आणि सहा वाक्यं.

वायरने ओठ चावला. मग हसली. "ताई, तुम्ही म्हणजे छुप्या रुस्तम निघालात! अहो मग यात अडलंय काय? मी टाकते ना ते वाक्य. फाइल माझ्याच हातात आहे. दोन मिनिटांचं काम. शनिवारी काका विचारतील, यंत्र सापडलं म्हणेल, साहेब खूश, समिती खूश. माझं पुढच्या वर्षाचं कंत्राट त्या शनिवारवर लटकलंय हो. कोणाला कळतंय?"

"यंत्र त्याच्या पुढचं वाचायला लागेल."

"एक ओळ झाली की मी थांबवीन. तुम्हीच टाइप करा, हवं तर. तुमचं वाक्य आहे." आणि तिने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला.

पडद्यावर पान दोनशे सोळा उघडं होतं. दोन ओळींच्या मधे एक उभी काडी लुकलुकत होती, नाडीसारखी. तिने टाइप केलं. बरं वाटायला लागलं ना. अक्षरं आपोआप लेखकाच्या अक्षरांसारखीच झाली, तीच उंची, तीच शाई. की माणसाला पहिल्यांदा. छातीत काहीतरी असं भरून आलं की लाज वाटली. वहीतलं, तेलाच्या डागाशेजारचं तिचं वाक्य आज छापील होऊन बसलं होतं, पंगतीत हक्काने पाट मिळाल्यासारखं. घरातली धूळ दिसते. तिने पूर्णविराम दिला. आणि मग, सवयीने, डोळे चार ओळी पुढे धावले. पुढे फाटकवाला खाटेखालच्या तिच्या चपला उचलून कुठे ठेवाव्यात ते न कळून हातात धरून उभा होता. वरच्या ओळीत तिचा देह नेला होता आणि मधे ती धुळीबद्दल बोलत होती. हे पान आता कोणीही उघडू शकणार होतं. इथून, दुसऱ्या गावातून, घरी बसून. ज्यांना डोळे आहेत ते, ज्यांना नाहीत ते. कुणी शाळकरी पोर, कुणी कालच कुणाला पोचवून आलेला माणूस. आणि त्यांना वाटणार, लेखक वेडाबिडा होता की काय. आजवर तिने एका वेळी एकाच माणसाला फसवलं होतं, तेही तोंडाने, हवेत विरून जाईल असं. तिने मागे खोडायची कळ दाबून धरली. पूर्णविराम गेला, धूळ गेली, माणूस गेला.

"ताई!" वायर म्हणाली. "अहो, माझं काय?"

"चार वाजू देत," ती म्हणाली. 

काका आले. सुनेने त्यांना खुर्चीत बसवलं, पाचला येते म्हणाली, गेली. तिने नेहमीसारखं पुस्तक उघडलं नाही. काकांनी हात पुढे करून टेबल चाचपलं, रिकामं होतं. "काय गं, आज काय मुकं वाचन?" ते म्हणाले. तिने सांगितलं. वायरला सांगितलं तेव्हा सहा वाक्यं लागली होती. आता एकेक शब्द विहिरीतून ओढल्यासारखा येत होता. ती थांबली तेव्हा वरच्या पंख्याचा आवाज इतका मोठा झाला की तिला वाटलं कोणीतरी तो बंद करावा.

"किती पानं?" काकांनी विचारलं.

"एकशे चाळीस."

"बाकी कुठे? बाकीच्या पुस्तकांत?"

खोटं बोलायची ती शेवटची संधी होती आणि ती अगदी जिभेवर बसली होती. "तीन ठिकाणी," ती म्हणाली. "थोडं थोडं. एक कुत्रं वाचवलं. एका पोराला परीक्षेत पास केलं. एक आठवत नाही."

"आठवत नाही." काकांनी ते दोन शब्द असे उच्चारले की जणू त्यांच्याभोवती लाल वर्तुळ काढतायत. "म्हणजे अकरा वर्षं मला आता पुन्हा तपासायला हवीत. बरं झालं, यंत्र आलं."

झालं. तिला वाटलं, उठावं. आता ते हात लांब करून हेडफोन मागतील. पण काकांचा हात टेबलावरच होता, बोटं एकमेकांत घट्ट. "मी का आलो होतो त्या मंगळवारी, विचारलंस कधी?" ते म्हणाले. आवाज चढला नव्हता. "दुसऱ्या भागापासून फाटकवाल्याची बायको खोकत होती. चाळीस वर्षं गोष्टी तपासल्यात मी, कोण जगणार आणि कोण नाही ते दहा पानं आधी कळतं मला. घरात सगळे मला धीर देत होते. धीर, धीर! एक माणूस असा नव्हता की ज्याची बायको गेलीय आणि ज्याला संध्याकाळी काय करायचं ते कळत नाहीये. तो इथे होता. तुझ्या हातातल्या पुस्तकात. मी त्याला भेटायला आलो होतो, मुली. आणि तू त्याची बायको उठवून बसवलीस. मला वाटलं, चला, याचीही वाचली. राहिलो मी एकटाच."

ती रडली नाही, कारण रडणं म्हणजे पुन्हा त्यांच्याकडून काहीतरी मागणं झालं असतं. सात वर्षं ती समजत होती की तिने त्यांना काहीतरी दिलं. आईच्या वेळीही तेच. आपण त्यांचं दुःख झाकतो आणि त्यांना त्यात एकटंच सोडून बाहेर येतो, दार लावून घेतो, वर स्वतःच्या मायेवर खूश होतो. हे तिला पंचेचाळिसाव्या वर्षी, पंख्याखाली, वायर दोन खुर्च्या पलीकडे श्वास रोखून बसलेली असताना कळत होतं.

"ए पोरी," काका वायरला म्हणाले, कारण तिचा श्वास त्यांना ऐकू येत असणारच. "शनिवारी मी दुसरं वाक्य देईन. खरं असलेलं. तुझं काम अडायला नको."

"काका, नववं प्रकरण आत्ता लावून देऊ का? हेडफोनवर?" वायरने चाचरत विचारलं.

"नको. तुझं यंत्र मला वाचून दाखवेल आणि उद्या दुसऱ्या कुणालाही, त्याच आवाजात. ते माझं काही देणं लागत नाही. ही लागते." त्यांनी मान तिच्याकडे वळवली, अगदी नेमकी. "पुस्तक आण. बाईला धाप लागायच्या चार ओळी आधीपासून. आणि नुसतं वाच."

ती मांडणीपर्यंत गेली, परत आली. पान दोनशे अकरा. ही पाच पानं तिने मोठ्याने कधीच वाचली नव्हती. स्वतःचा आवाज तिला परक्या घरात शिरल्यासारखा वाटत होता, कुठे पायरी आहे ते ठाऊक नसल्यासारखा. खाट खिडकीशी ओढली गेली. डॉक्टर छत्री विसरला. धाप चौथ्या दिवशी बसली नाही, पाचव्याही नाही. एका ओळीशी ती अडखळली, आणि सवय काय असते बघा, जिभेने आपोआप दुसरं वाक्य जुळवायला घेतलं, चांगलं, उबदार, तयार वाक्य.

"तिथे पूर्णविराम नाहीये," काका म्हणाले. "पुढे."

तिने ओळीवर बोट ठेवलं, पहिलीतल्या मुलीसारखं, आणि बोटाच्या मागे मागे वाचलं, "सकाळी पावणेसातच्या गाडीसाठी त्याने फाटक लावलं, गाडी जाऊ दिली, फाटक उघडलं, आणि मग आत जाऊन तिचे डोळे मिटले."

 काकांच्या गळ्यापाशी एक शीर उडत होती. ते म्हणाले, "पुन्हा."

तिने पुन्हा वाचलं.

"पुन्हा."

तिसऱ्या वेळी ते तिच्याबरोबर म्हणत होते, अर्धा शब्द मागून, आणि 'गाडी जाऊ दिली'पाशी तिचा आवाज फुटला तेव्हा ते थांबले नाहीत. उरलेलं वाक्य त्यांनी एकट्याने पुरं केलं.